जे फुकट मिळतं, ते बनवणाऱ्याला पगार कोण देतं?

प्रश्न : माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फ्रीबीएसडी नावाच्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) ऑपरेटिंग सिस्टीमसाठी ती वर्षभर रात्री जागून काम करते आहे. मोबदला शून्य. म्हणते, ‘यामागे एक ना-नफा संस्था आहे, पुढे तिथेच नोकरी करीन.’ जी वस्तू जगाला फुकट मिळते, ती बनवणाऱ्याला पगार कोण देणार? मला तर या लष्कराच्या भाकऱ्या वाटतात. तिला थांबवू का?
– एक वडील

उत्तर : नमस्कार. थांबवू नका. मात्र ‘तिथेच नोकरी करीन’ हा बेत दोघांनी बसून एकदा तपासा. ती संस्था नेमकं काय करते हे कळलं, तर तुमची काळजी कमी होईल आणि तिची दिशाही जरा बदलेल.

फ्रीबीएसडीची पहिली आवृत्ती १९९३ची. फ्रीबीएसडी फाउंडेशन स्थापन झालं २००० साली, अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर इथे. म्हणजे प्रकल्प आधीचा, संस्था नंतरची. आजही कोडचे निर्णय फाउंडेशन घेत नाही. ते प्रकल्पातले डेव्हलपर घेतात, आणि त्यांनी दर दोन वर्षांनी मतदानाने निवडलेली नऊ जणांची कोअर टीम, म्हणजे प्रकल्पाचं कारभारी मंडळ असतं. फाउंडेशन मालक नाही, पाठीराखं आहे.

मग पैसा कशावर खर्च होतो? स्वयंसेवक साहजिकच ज्यात मन रमतं ते काम उचलतो. पण लॅपटॉपचं वायफाय चालावं म्हणून ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) लिहिणं आणि नवं हार्डवेअर आलं की तो पुन्हा दुरुस्त करणं, सुरक्षेतली त्रुटी सापडली की हातातलं सोडून तिच्यामागे लागणं, नवी आवृत्ती वेळेवर बाहेर काढणं, हे महिनोन्‌महिने सुट्टीच्या दिवसांत उरकणारं काम नाही. तिथे फाउंडेशन पगारी किंवा कंत्राटी डेव्हलपर नेमतं. चाचण्यांसाठी सर्व्हर घेतं, परिषदांना येऊ इच्छिणाऱ्यांना प्रवासखर्च देतं. आणखी एक काम बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. विखुरलेल्या स्वयंसेवकांच्या गटाला करारावर सही करता येत नाही. नोंदणीकृत संस्थेला येते. फ्रीबीएसडी हा ट्रेडमार्क फाउंडेशनच्या नावावर आहे. २००६मध्ये जावा या प्रोग्रामिंग भाषेचे अधिकृत तयार संच फ्रीबीएसडीवर मिळू लागले, तेही फाउंडेशनने जावा बनवणाऱ्या सन कंपनीशी परवान्याचा करार केला म्हणून.

हा पैसा देणग्यांचा. व्हॉट्सअ‍ॅपचे सहसंस्थापक जान कूम यांनी २०१४मध्ये दहा लाख डॉलर दिले. हातात फारसे पैसे नसताना ते फ्रीबीएसडी वापरू लागले आणि याहूमधली नोकरी मिळण्यामागे फ्रीबीएसडी हे एक मोठं कारण होतं, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. २०२४मध्ये जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाने ६,८६,४०० युरो मंजूर केले, तेही प्रकल्पाची पायाभूत यंत्रणा आधुनिक करण्यासाठी. शिवाय कंपन्यांच्या देणग्या आणि असंख्य व्यक्तींच्या छोट्या रकमा.

तरीही संस्था लहान आहे. पगारावर मोजकी माणसं, आणि बहुधा अशी, ज्यांचं काम प्रकल्पाने आधी वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. शिक्षण संपल्यावर थेट अर्ज करण्याची ती जागा नव्हे. हे मुलीला स्पष्ट सांगा.

पण नोकरी देणारे दुसरीकडे आहेत, आणि त्यांचा पत्ता कोडच्या इतिहासातच सापडतो. फ्रीबीएसडीत कुणी बदल नोंदवला आणि त्या कामाचे पैसे कुणी दिलेले असले, तर नोंदीखाली ‘स्पॉन्सर्ड बाय’ अशी ओळ लिहायची पद्धत आहे. कुठे फाउंडेशनचं नाव, कुठे नेटफ्लिक्सचं, कुठे एखाद्या चिप बनवणाऱ्या कंपनीचं. मुलीला म्हणावं, गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी चाळ आणि ही नावं वहीत उतरव. ‘पगार कोण देणार’ या तुमच्या प्रश्नाचं इतकं थेट उत्तर मला दुसरं ठाऊक नाही.

कंपन्या पैसे का देतात, तेही समजून घ्या. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ घरोघरी पोचवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. सोनीच्या प्लेस्टेशन ४ची प्रणाली त्यावरच बेतलेली आहे. परवान्यानुसार, केलेले बदल परत देण्याची त्यांच्यावर सक्ती नाही. पण स्वतःचे बदल वेगळे ठेवले, तर दर नव्या आवृत्तीला ते पुन्हा बसवत राहावे लागतात, आणि ते महागात पडतं. म्हणून अनेक कंपन्या बदल मूळ प्रकल्पात देतात, आणि तिथले रिवाज जाणणारी माणसं त्यांना हवी असतात. ती सहज मिळत नाहीत.

आता मुलीच्या कामाबद्दल. किती रात्री जागली हे विचारू नका; ‘तुझे कोणते बदल स्वीकारले गेले?’ असं विचारा. वर्षभरात दहा-वीस छोट्या दुरुस्त्या, थोडं दस्तऐवजांचं काम, एखाद्या पोर्टची (फ्रीबीएसडीवर चालावं म्हणून जुळवून घेतलेल्या बाहेरच्या सॉफ्टवेअरची) देखभाल स्वीकारली गेली असेल, तर ती योग्य वाटेवर आहे. सातत्य दिसलं की जुने डेव्हलपरच नवख्याचं नाव पुढे करतात, आणि थेट बदल नोंदवण्याचा अधिकार मिळाला तरी सुरुवातीला एक मेंटॉर सोबत असतो. अनुभवी माणसं एकेक ओळ तपासून कारणासह परत पाठवतात, असं शिक्षण अभ्यासक्रमात क्वचितच मिळतं. काहीच स्वीकारलं गेलं नसेल, तर ती बहुधा एकटीच फार मोठं काम घेऊन बसली आहे. तिला बग-यादीतली (नोंदवलेल्या चुकांच्या यादीतली) लहान कामं घ्यायला सांगा.

मोबदल्याची एक वाट लगेच आहे. गूगल समर ऑफ कोड या नवख्यांना ओपन सोर्स प्रकल्पांत काम देणाऱ्या उपक्रमात फ्रीबीएसडी २००५पासून भाग घेत आला आहे. अठरा वर्षं पूर्ण असलेल्या नवख्यांना त्यात मार्गदर्शक आणि मानधन दोन्ही मिळतं. प्रस्ताव स्वीकारला जाण्याची शक्यता वाढवायची, तर अर्ज उघडण्याच्या काही महिने आधीच संभाव्य मार्गदर्शकाशी बोलून आराखडा तयार करायला हवा. पदवी मात्र वेळेत पूर्ण व्हायला हवी, आणि रात्रीची जागरणं बंद. हे काम दिवसाउजेडीही होतं.