पॅकेज, ठेकेदार आणि आडनाव : नोकरीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यंदाच मेकॅनिकलची इंजिनिअर झाले. हिंजवडीतली एक सॉफ्टवेअर कंपनी ४.८० लाखांचं पॅकेज देतेय. दोन वर्षांचा बाँड आहे, आधी सोडलं तर २ लाख भरायचे. मूळ मार्कशीट आणि सही केलेला कोरा चेकही मागतात. दुसरीकडे शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटी विभागात ३.६० लाख, बाँड नाही, घरून जाऊन-येऊन करता येईल. पुण्यात खोली आणि मेसला १३ हजार लागतील. घरचे म्हणतात, मुलीनं भट्टीपाशी कशाला राबायचं? काय निवडू? — जयसिंगपूर

उत्तर : आधी एक सवय मोडा. पॅकेजला बारानं भागायचं नाही. ४.८० लाखांचे महिन्याला ४० हजार होतात, पण ते हातात कधीच पडत नाहीत. ऑफर लेटरला पगाराच्या फोडीचं पान जोडलेलं असतं. नसेल तर सही करण्याआधी मागून घ्या. न देणाऱ्या कंपनीबद्दल तिथंच बरंच काही कळतं.

फोड साधारण अशी निघते. बेसिक, म्हणजे मूळ पगार, निम्मा धरू; महिना २० हजार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी वर्षाला २८,८००. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम; तिची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ११,५४४. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, १० टक्के धरला तर ४८,०००. गटविम्याचा हप्ता समजा ६,०००. हे सगळं पॅकेजमध्ये मोजलेलं असतं आणि यातलं काहीच महिन्याच्या पगारात येत नाही. उरले ३,८५,६५६, म्हणजे महिना ३२,१३८. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० जाऊन हातात साधारण २९,५०० पडतात. पीएफ तुमचाच आहे, तो बुडत नाही. पण घरमालक तो भाडं म्हणून घेत नाही. ग्रॅच्युइटी मात्र कायम नोकरीत पाच वर्षं झाल्याशिवाय मिळत नाही. तिसऱ्या वर्षी सोडलंत तर ती तरतूद कागदावरच राहिली.

फाउंड्रीची फोड त्याच रीतीनं करा. बेसिक १५ हजार, कंपनीचा पीएफ वर्षाला २१,६००, ग्रॅच्युइटी ८,६५८, व्हेरिएबल नाही. हातात सुमारे २५,५००. पॅकेजमध्ये वर्षाला १ लाख २० हजारांचा फरक दिसतो, हातात येणाऱ्या पगारात तो महिन्याला ४ हजारांचा आहे. पुण्याचे १३ हजार वजा केले की पारडं उलटंच फिरतं. तुमच्या पत्रांतले खरे आकडे घालून हे गणित पुन्हा मांडा; व्हेरिएबल २० टक्के निघालं तर चित्र आणखी बदलेल.

आता बाँड. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नका, अशी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ खाली टिकत नाही. ठरावीक काळ काम करा, नाहीतर भरपाई द्या, ही अट मात्र वेगळी. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये तीन वर्षं आणि २ लाखांची अशी अट वैध ठरवली. त्यामुळे ‘बाँडला काही अर्थ नसतो, बिनधास्त सही कर’ हा कॉलेजच्या कट्ट्यावरचा सल्ला धोक्याचा आहे. पण ती सरकारी बँक होती, भरती स्पर्धा परीक्षेतून झाली होती आणि मधेच जागा रिकामी झाली की ती भरण्याचा खर्च बँकेला दाखवता येत होता. कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच असावी लागते; करारात लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. म्हणून कंपनीला ईमेलनं तीन गोष्टी विचारा. प्रशिक्षण किती आठवड्यांचं आणि कोण देणार? २ लाखांचा हिशेब काय? वीस महिने काम केल्यावर सोडलं तर रक्कम त्या प्रमाणात घटणार का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर बाँड प्रशिक्षणाच्या खर्चासाठी नाही, तुम्हाला बांधून ठेवण्यासाठी आहे.

कोरा चेक अजिबात देऊ नका. सही तुमची असेल तर तो देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा गृहीत धरतो, आणि तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. मूळ मार्कशीट पडताळणीसाठी दाखवा आणि परत घ्या, साक्षांकित प्रत ठेवून या. यावर अडून बसणारी कंपनी आम्ही तरी सोडून देऊ.

भट्टीचं म्हणाल तर उकाडा, धूळ, आवाज हे खरंच आहे; एप्रिल-मेमध्ये फाउंड्रीत उभं राहणं सोपं नाही. पण क्वालिटीत रिजेक्शन, म्हणजे नाकारला गेलेला माल, का वाढलं हे शोधताना वाळूतला ओलावा, ओतण्याचं तापमान, स्पेक्ट्रोमीटरचं (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग यांचा एकमेकांशी संबंध लागायला लागतो आणि हे ज्ञान पुढे वाहन उद्योगात कुठंही चालतं. तीन वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून इथं परतणं अवघड. इथून सॉफ्टवेअरकडे जाणं त्यामानानं शक्य असतं. घरच्यांच्या भीतीपेक्षा आम्हाला वेगळीच शंका आहे. मुलगी म्हणून तुम्हाला शॉपफ्लोअरवर न पाठवता टेबलावर रिपोर्ट भरायला बसवतील. मुलाखतीतच विचारा : पहिले सहा महिने नेमकं काम काय, दुसऱ्या पाळीनंतर घरी सोडायला गाडी आहे का, स्त्रियांसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि कपडे बदलायची खोली आहे का. संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ पूर्वी कामाला तुमची संमती लागते. जमलं तर एकदा प्रत्यक्ष प्लांट बघून या. आधीच काम करणारी एखादी मुलगी तिथं दिसली तर तिच्याशी दहा मिनिटं बोला, आमच्या उत्तरापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : चाकणला चार वर्षं एकाच लाइनवर काम करतोय, पण दर अकरा महिन्यांनी ठेकेदाराचं नाव बदलतं. पगार १७,५००. शेजारच्या मशिनवरच्या कायम कामगाराला माझ्या दुपटीहून जास्त. ओव्हरटाइम एकेरी दरानं मिळतो. पीएफ कापतात, पण भरतात का माहीत नाही. — राजगुरुनगर

उत्तर : शेवटचा मुद्दा आधी, कारण तो आज रात्रीच तपासता येतो. तुमचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक) सुरू करून पीएफचं पासबुक उघडा. पगाराच्या चिठ्ठीवरची कपात आणि पासबुकातली जमा महिन्यागणिक जुळवा. मधले महिने रिकामे दिसले तर भविष्य निर्वाह निधीच्या तक्रार पोर्टलवर चिठ्ठ्यांच्या फोटोंसह तक्रार टाका. ठेकेदार पळाला तरी ती रक्कम भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. तक्रारीत कंपनीचं नाव न लिहिणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे ठेकेदार बदलला की पीएफ काढून घेणं. नवीन ठेकेदाराला जुनाच यूएएन द्या आणि मागचं खातं त्याला जोडून घ्या. पेन्शनसाठी एकूण दहा वर्षं मोजली जातात. दरवेळी पैसे काढलेत तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

पगार २१ हजारांच्या आत आहे, म्हणजे ईएसआयसी, कर्मचारी राज्य विमाही लागू. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवस भरले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के रोजंदारी मिळते. ठेकेदार बदलतानाच्या ‘ब्रेक’मध्ये हे ७८ दिवस हुकतात, तेवढं पाहा.

ओव्हरटाइम दुप्पट दरानंच द्यावा लागतो. १७,५०० भागिले २६ दिवस भागिले ८ तास, म्हणजे तासाला सुमारे ८४ रुपये. महिन्यात २४ तास जादा काम केलंत तर एकेरी दरामुळे जवळपास २ हजार रुपये कमी मिळाले. गणित सोपं राहावं म्हणून इथं पूर्ण पगार धरला आहे. जादा तासांची नोंद रोज स्वतःच्या वहीत, गेटपासच्या वेळेसह ठेवा.

समान कामाला समान वेतन हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये पंजाब सरकारच्या हंगामी कर्मचाऱ्यांबाबत स्पष्ट सांगितलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी मजूर घेण्यावर बंदी आहे, मात्र तिला अपवाद बरेच आहेत. खरं सांगायचं तर हा मुद्दा एकट्यानं उचललात तर पुढच्या अकरा महिन्यांच्या यादीत तुमचं नाव नसेल. लाइनवरच्या सगळ्यांनी मिळून, संघटनेमार्फत कामगार आयुक्तांकडे जावं. पीएफ आणि ओव्हरटाइम मात्र एकट्यानंही मागता येतो.

प्रश्न : खासगी विमा कंपनीत आहे. आडनाव कळल्यापासून टीममध्ये ‘कोट्यातून आला’ असे टोमणे सुरू आहेत, साहेबांसमोरसुद्धा. टार्गेट पूर्ण केलं तरी चांगले क्लायंट दुसऱ्यांकडे जातात. ॲट्रॉसिटीची तक्रार करू का? — नाशिक

उत्तर : खासगी विमा कंपनीच्या भरतीत आरक्षणच नाही, त्यामुळे तो टोमणा नुसता जातीय नाही, अडाणीसुद्धा आहे. पण हे तोंडानं पटवत बसू नका.

लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. जातीवरून होणाऱ्या छळासाठी खासगी कार्यालयात तशी सक्तीची समिती नाही. म्हणून पहिली पायरी म्हणजे एचआरला ईमेल. कोण, कधी, कुठं, समोर कोण होतं, आणि बोललेले शब्द जसेच्या तसे. ‘मला त्रास दिला जातो’ एवढंच लिहिलेलं पत्र चौकशीत टिकत नाही. क्लायंटवाटपाचे सहा महिन्यांचे आकडे वेगळ्या तक्त्यात जोडा. टोमणे नाकारता येतात, तक्ता नाकारणं अवघड. ईमेलची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा, पण क्लायंटची नावं-नंबर बाहेर पाठवू नका, नाहीतर तेच निमित्त होऊन नोकरी जाईल.

तुम्ही अनुसूचित जाती किंवा जमातीचे असाल तरच १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा लागू होतो. त्यात अपमान हेतुपूर्वक आणि लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. बंद केबिनमध्ये बाहेरचं कुणी नसताना बोललेलं या कलमात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं आहे. शाखेच्या काउंटरपाशी, ग्राहकांसमोर बोललेल्याची गोष्ट वेगळी. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही; तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. जातीचं प्रमाणपत्र सोबत लागेल. एचआरकडे गेलात म्हणून पोलिसांचा मार्ग बंद होत नाही.

प्रश्न : वय २९, सदाशिव पेठेत राहून एमपीएससीचा चौथा प्रयत्न. थांबू का? — परभणी

उत्तर : खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गाला ४३ ही वयोमर्यादाच थांबू देत नाही, हे आधी ओळखा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा पर्याय खुणावण्याचा जुना सराव तिथं फारसा कामाला येणार नाही. पंधरा दिवस रोज दोन उत्तरं हातानं लिहून कुणाकडून तरी तपासून घ्या. लिहायला बसणंच टळत असेल तर उत्तर तुम्हाला मिळालं. लिहिणं जमत असेल तर एक प्रयत्न द्या, पण खोली सोडा आणि अर्धवेळ का होईना, पगाराचं काम धरून द्या. महिन्याचे पैसे घरून येणं थांबलं की अभ्यासिकेतले अर्धे तास गप्पांचे होते हे लगेच दिसतं.