दिवेआगरला दुपारी ३ वाजता कुठेच जेवण मिळालं नाही, 'आधी सांगायचं' म्हणाले. कोकणात पाहुणचार उरलाच नाही का?

खरंतर उत्तर देणार नव्हतो, पण तीन वाजता म्हणालात आणि डोकं फिरलं. आमचं दिवेआगरलाच पाच खोल्यांचं हॉटेल आहे, हॉटेल कसलं, वाडीत बांधलेल्या खोल्या आणि पडवीत जेवणाची टेबलं. १७ नोव्हेंबर १९९७ ला गावातल्या एका पोफळीच्या बागेत खणताना सोन्याचा गणपती सापडला, मग गाड्याच गाड्या. लोक दर्शन घेऊन दारात यायचे, काकू दोन घास मिळतील का. आईने वाढलं, तिथून सुरू झालं, कोणी काही ठरवलं नव्हतं. मार्च २०१२ मध्ये मूर्ती चोरीला गेली तेव्हा सगळे म्हणाले आता उठलं सगळं, तरी लोक येतच राहिले, समुद्रासाठी आणि खरं सांगू का, मोदकांसाठी.

तर तीन वाजता. एका मे महिन्यात नऊ जण असेच येऊन टपकले, फोन नाही काही नाही. घरचे आम्ही शेवटी जेवतो, पानं घेऊन बसणारच होतो, पण त्यांच्यातलं बारकं पोर भुकेने रडत होतं म्हणून आईने आमचा भात आणि डाळिंब्यांची उसळ त्यांच्यापुढे ठेवली, वर नारळ खोवून ताजी सोलकढी केली. आम्ही पोहे खाल्ले. रात्री रिव्ह्यू आला, दोन स्टार, 'चॉइस नाही'. आईने विचारलं काय लिहिलंय रे, मी म्हटलं चांगलं लिहिलंय.

अहो, तीस मोदक म्हणजे तीन-चार नारळ खोवायचे, उकड गरम असतानाच मळायची, हात भाजतात, गार झाली की पारीला चिरा पडतात. दहा माणसं येणार का चाळीस हे कळल्याशिवाय करणार कसं? उरलेलं दुसऱ्या दिवशी गरम करून वाढणं आमच्याकडे चालत नाही.

आमचा दादा म्हणतो हाच आपला मूर्खपणा, दिवसभर किचन चालू ठेव, पंजाबी ठेव, कुक आण. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात निम्म्या पोफळी आडव्या झाल्या, खोल्यांचे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले, तेव्हाही त्याचं तेच, लोन काढू आणि तीन मजली बांधू. पण त्या वर्षी न मागता दिवाळीचा अॅडव्हान्स कोणी पाठवला? आईच्या हातचं वीस वर्षं जेवलेल्या ठाण्याच्या काकांनी. मेन्यूकार्ड बघून पाठवला नव्हता त्यांनी.

आता आळशी लोक आमच्यातही आहेत, दीड वाजताच 'संपलं' म्हणणारे, ते मान्य. आणि तुम्हाला निदान पाणी विचारून चहा तरी द्यायला हवा होता, ते चुकलंच. पुढच्या वेळी सकाळी दहाच्या आत फोन करून माणसं सांगा, मोदक हवे असतील तर आदल्या रात्री.

आणि दादा, तू हे वाचणारच. गेल्या दिवाळीत हौसेने केलेला पनीर मसाला अर्धा आपल्या मोत्याने खाल्लाय.