रात्री सायकल चालवण्यासाठी एलईडी दिवा घरी बनवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की दुसरी पाळी सुटल्यावर रात्री साडेअकराला आठ किलोमीटर सायकलने घरी जाता, वाटेत खांबावर दिवे नाहीत, दुकानातून आणलेले दोन दिवे चार महिन्यांत गेले आणि सोल्डरिंग बऱ्यापैकी जमतं. मग दिवा नक्की बनवता येईल. मी तीन बनवले. पहिले दोन फसले, तिसरा अजून चालतोय. फसलेल्यांचं आधी सांगतो, म्हणजे तुमचा एक पावसाळा वाचेल.

मी तेव्हा चाकणला कामाला होतो आणि आळंदीला राहायचो. पहिल्या दिव्यात एक पॉवर एलईडी, करंटला आवर घालणारा एक रेझिस्टर, मोबाइलची जुनी बॅटरी आणि हे सगळं साबणाच्या डबीत. अंगणात लावून पाहिला तर शेजारचे काका गच्चीवरून ओरडले, "काय रे, शूटिंग आहे का?" मी खूश. पण रस्त्यावर वीस मिनिटांत झोत मलूल व्हायला लागला. कारण साधं आहे. पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. भरलेली लिथियम बॅटरी देते ४.२, म्हणजे रेझिस्टरच्या वाट्याला १.२ व्होल्ट येतात. बॅटरी ३.६ वर उतरली की त्याच्या वाट्याला ०.६ उरतात आणि करंट थेट निम्मा होतो. बॅटरीत अजून जीव शिल्लक आणि दिवा मात्र झोपलेला. वर डबी प्लास्टिकची, उष्णता जाणार कुठे? तळ मऊ होऊन एलईडी तिरकी बसली आणि झोत रस्ता सोडून बाजूच्या बाभळीवर पडायला लागला.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो. करंट एकसारखा ठेवणारी तयार ड्रायव्हर पट्टी आणली. तिच्यात पूर्ण, मंद आणि लुकलुक असे तीन मोड होते. बटण पटकन बंद-चालू केलं की पुढचा मोड. सेल बसवला होता स्प्रिंगच्या होल्डरमध्ये. आता बघा काय झालं: चाक खड्ड्यात आपटलं की स्प्रिंग क्षणभर सुटायची, पट्टीला वाटायचं बटण दाबलं, आणि दिवा आपोआप पुढच्या मोडवर. दर गतिरोधकाला नवा खेळ. एकदा उतारावर ऐन वळणात मंद झाला आणि मी खडीत. कोपरावर खूण आहे अजून. दुकानातले स्वस्त दिवे घरी चालतात आणि रस्त्यावर मरतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा रोग हाच असतो. तुमचे दोन फेकले नसतील तर उघडून स्प्रिंग बघा.

आता तिसरा. एलईडी घेतली क्री कंपनीची एक्सएम-एल, गोल अ‍ॅल्युमिनियम चकतीवर बसवलेली मिळते. तिला ३ अँपिअरपर्यंत करंट झेपतो, पण मी फक्त ७०० मिलिअँपिअर देतो. साधारण दोन वॅट होतात आणि लेन्समधून दोनशेच्या वर ल्युमेन (प्रकाशाचं माप) सहज बाहेर पडतात. सायकलच्या वेगाला तेवढं पुरतं. यापेक्षा जास्तीचा मोह धरलात की उष्णता, सेलचं वजन आणि समोरच्याच्या शिव्या तिन्ही वाढतात.

करंटसाठी एएमसी७१३५ नावाची चिप वापरा. एक चिप करंट ३५० मिलिअँपिअरच्या वर जाऊ देत नाही, दोन समांतर जोडल्या की ७००. कॉइल नको, मोड नकोत. हिचा आणखी एक गुण मला वापरताना कळला. सेल अगदी शेवटाला आला की दिवा फटकन विझत नाही, हळूहळू मंदावतो, त्यामुळे घर गाठायला वेळ मिळतो. चकतीखाली थर्मल पेस्टचा (उष्णता पुढे नेणारा लेप) पातळ थर द्या, लोण्यासारखा थापू नका, आणि दोन स्क्रूंनी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपच्या तुकड्यावर आवळा. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे असे तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात, चहा पाजलात तर फुकट देतो. दिवा उभ्या सायकलवर लावून ठेवला तर पाइप चांगलाच तापतो, चालत्या सायकलवर वारा लागून हाताला जेमतेम कोमट लागतो.

सेल १८६५० घ्या, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. यात फसवणूक फार आहे. वर ९९०० एमएएच (सेलची क्षमता) छापलेला सेल दिसला तर तसाच परत ठेवा. बाजारातला चांगला सेल ३५०० च्या आसपास थांबतो आणि वजनाला ४५ ग्रॅमच्या घरात भरतो. मी २६०० चा वापरतो, तीन तास आरामात निघतात. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सेल काढून वापरणारे पुष्कळ आहेत, मीही वापरलेत, पण मल्टिमीटरवर २.५ व्होल्टच्या खाली दाखवणारा सेल जिवंत करायच्या भानगडीत पडू नका. सेलवर थेट सोल्डरिंग तर अजिबात नको, उष्णतेने तो आतून बिघडतो. पत्र्याच्या पट्ट्या स्पॉट-वेल्ड केलेला (म्हणजे मशीनने क्षणात डाग देऊन चिकटवलेल्या) सेल मागा, म्हणजे स्प्रिंगची कटकटच संपली. चार्जिंगला टीपी४०५६ ची पट्टी, त्यातही संरक्षण असलेलीच. आणि रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपू नका.

पुण्यात हे सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. पुण्यात जाणार असाल तर दुपारी एकच्या आत जा, पुढचं सांगायला नको.

सेल दिव्यात ठेवू नका. मी तो फोममध्ये गुंडाळून फ्रेमच्या नळीखाली छोट्या पिशवीत बांधलाय आणि तिथून वायर वर नेलीय. दिवा हलका राहिला की हादऱ्याने खाली मान टाकत नाही. सोल्डरच्या सांध्यापासून बोटभर अंतरावर वायर टायने आवळा. वायर तुटते ती कायम सांध्याच्या काठावर, कारण तिथेच ती हलत असते. हँडलला बसवायला गॅसच्या नळीला लावतात तो स्क्रूचा क्लिप आणि त्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा. ट्यूब विसरलात तर क्लिप कितीही आवळा, दिवा फिरणारच.

लेन्सकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. टॉर्चसारखा गोल झोत निम्मा आभाळात जातो आणि उरलेला समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यात. जर्मनीत तर सायकलच्या दिव्यानेही समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत असा कायदाच आहे. आपल्याकडे समोरचा चिडून अप्पर मारतो, तोच आपला कायदा. आडव्या लंबगोल झोताची २० मिलिमीटरची लेन्स मिळाली तर तीच घ्या, अंगावर बारीक रेघा असतात त्यावरून ओळखू येते. भिंतीवर झोत टाकून ती फिरवत फिरवत बसवा. मग सायकल भिंतीपासून ३ मीटरवर उभी करा आणि झोताचा मध्य दिव्याच्या उंचीपेक्षा ३० सेंटिमीटर खाली आणा. दिवा जमिनीपासून मीटरभर उंच असेल तर तो मध्य रस्त्यावर १० मीटर पुढे पडतो. खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंत एवढं अंतर मला पुरतं, पण मी ताशी पंधरा-अठराच्या वर जात नाही. तुम्ही जोरात जाणारे असाल तर थोडा वर घ्या.

पावसाचं म्हणाल तर सगळे सांधे सिलिकॉनने बुजवून मी दिवा हवाबंद केला होता. तरी आत वाफ धरली आणि लेन्स धुरकट झाली. शेवटी पाइपच्या खालच्या अंगाला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं. आलेलं पाणी गळून जातं, भानगड मिटली. चिपच्या पायांवर बायकोचं नेलपॉलिश लावलंय. रंग गुलाबी आहे, इलाज नाही.

मागचा लाल दिवा तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, पण पुढच्याआधी तोच करा. अंधाऱ्या रस्त्यावर खड्डा एकवेळ अंदाजाने चुकवता येतो, पण मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसलात की नाही याचा अंदाज तुम्हाला घेता येत नाही. या लाल दिव्याला काहीच लागत नाही: दोन पेन्सिल सेलचे ३ व्होल्ट, लाल एलईडीला २ लागतात, उरलेल्या एका व्होल्टला २० मिलिअँपिअरसाठी ५० ओहम, म्हणजे बाजारातला ४७ चा रेझिस्टर चालतो. अशा तीन एलईडी लावा, प्रत्येकीला स्वतंत्र रेझिस्टर. हा रविवारी तासाभरात होतो. पुढच्याचं सामान गोळा होईपर्यंत निदान हा तरी सीटखाली लागलेला असू द्या.