लस घेतली म्हणून अंगाला चमचे चिकटतात का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : माझे सासरे 71 वर्षांचे आहेत, 2021 मध्ये कोरोनाच्या लसीचे दोन्ही डोस घेतलेत, तब्येत ठणठणीत आहे. पण परवा त्यांना कोणीतरी व्हॉट्सॲपवर तो जुना व्हिडिओ पाठवला, लस घेतलेल्या माणसाच्या अंगाला नाणी आणि चमचे चिकटतात तो, आणि त्यांनी स्वतः करून बघितलं तर छातीला खरंच चमचा चिकटला! तेव्हापासून ते म्हणतायत की लसीत काहीतरी धातू घालतात. आता माझं बाळ नऊ महिन्यांचं होतंय, गोवरची लस द्यायची आहे, तर ते म्हणतात माझ्या नातवाला सुई टोचायची नाही. नवरा गप्प बसतो आणि मला सासऱ्यांसमोर फार बोलता येत नाही. काय करू?
– एक सून, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी बाळाचं बोलू मग चमच्याचं. बाळाची तारीख चुकवू नका. गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत असतो, सरकारी केंद्रात फुकट मिळतो. गोवर म्हणजे नुसतं अंगावर पुरळ नाही, त्यातून न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येऊ शकते आणि तो इतका पसरतो की पेशंट खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत विषाणू राहतात. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवरची साथ आली होती तेव्हा लहान मुलं गेली, आणि लस न मिळालेली किंवा अर्धवट मिळालेली मुलं त्यात जास्त होती. मला ते आठवलं की आजही वाईट वाटतं. त्यामुळे सासऱ्यांची समजूत पटेपर्यंत लस लांबवू असं अजिबात नको, नवऱ्याला बरोबर घ्या आणि ठरल्या दिवशी बाळाला घेऊन जा.

आता सासऱ्यांचं. चमचा चिकटला हे ते खोटं सांगत नाहीयेत, हे आधी मान्य करा. चिकटतोच. बऱ्याच लोकांच्या चिकटतो, लस घेतलेल्यांच्या आणि न घेतलेल्यांच्याही, आणि कोरोना यायच्या कितीतरी आधीपासून जगभरात असे 'मॅग्नेट मॅन' टीव्हीवर येत होते, मलेशियातले एक गृहस्थ तर त्यासाठी प्रसिद्धच होते. म्हणजे डोळ्यांनी दिसलेली गोष्ट खरी, तिचं कारण मात्र चुकीचं धरलंय.

कारण असं आहे की आपल्या कातडीवर तेल असतं, घाम असतो, आणि कातडी मऊ असते त्यामुळे गुळगुळीत वस्तू तिच्यावर दाबली की मधली हवा निघून जाते आणि वस्तू धरली जाते, ओला कागद काचेला चिकटून बसतो ना तसंच. त्यात छाती जरा मागे झुकवून उभं राहिलं की वस्तू सरळ खाली पडत नाही, कातडीवर टेकून राहते. व्हिडिओत बघा, बहुतेक लोक किंचित मागे झुकलेले असतात, छाती किंवा पाठ उघडी असते, केस कमी असतात आणि वस्तू नेहमी चपट्या गुळगुळीत असतात. खडबडीत लोखंडी अडकित्ता किंवा घरातला जुना कोयता कोणी लावून दाखवत नाही. आणि इंजेक्शन तर दंडावर दिलेलं असतं, मग नाणं कपाळाला का चिकटावं?

अजून एक गंमत बघा. घरातला फ्रीजवरचा मॅग्नेट घ्या आणि स्वयंपाकघरातल्या चमच्या-वाट्यांना लावून बघा, बऱ्याच भांड्यांना तो चिकटणारच नाही. स्टील म्हटलं की लोखंड असं आपल्याला वाटतं पण भांड्यांच्या स्टीलमध्ये क्रोमियम आणि निकेल मिसळलेलं असतं, आणि त्यातल्या पुष्कळ जातींवर लोहचुंबक चालत नाही. पाच रुपयांचं पिवळं नाणंही लोहचुंबकाला लागत नाही. मग जी वस्तू खऱ्या चुंबकालाच लागत नाही ती अंगाला 'चुंबकामुळे' कशी लागेल? हा प्रश्न सासऱ्यांना तुम्ही विचारू नका, मॅग्नेट आणि चमचा त्यांच्या हातात द्या, त्यांनाच करू द्या. स्वतःच्या हाताने केलेलं माणसाला जास्त पटतं.

मग दुसरी चाचणी. छाती साबणाने धुऊन कोरडी पुसा, त्यावर घामोळ्याची पावडर लावा आणि तोच चमचा पुन्हा लावा, घसरून पडेल. अमेरिकेतले जादूगार जेम्स रँडी यांनी असल्या मॅग्नेट मॅनचा दावा पावडर लावूनच तपासला होता. चुंबक असतं तर पावडरीने काही बिघडलं नसतं ना, मॅग्नेटला पावडर लावून फ्रीजला लावा, तो राहतोच. किंवा पातळ बनियन घालायला सांगा आणि त्यावरून चमचा लावा. चुंबकाचं ओढणं कापडातून आरपार जातं, पण घामाची पकड बनियनला कशी जमणार? आणि शाळेतलं होकायंत्र मिळालं तर ते छातीजवळ धरा, सुई हलणार नाही. शेवटी एखादं गुळगुळीत प्लास्टिकचं हलकं झाकण लावून बघा, तेही चिकटेल आणि प्लास्टिक तर कुठल्याच मॅग्नेटला लागत नाही.

लसीत काय असतं हेही सांगते. कोविशिल्डच्या अर्ध्या मिलीलीटरच्या डोसमध्ये विषाणूचा भाग सोडला तर पाणी, साखर, मीठ, हिस्टिडीन, मॅग्नेशियम क्लोराईड, पॉलिसॉर्बेट, थोडंसं इथेनॉल असं असतं. कोव्हॅक्सिनमध्ये ॲल्युमिनियमचं एक संयुग असतं, तेही 250 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. मॅग्नेशियम काय किंवा ॲल्युमिनियम काय, दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. चिकटणारे धातू म्हणजे मुख्यतः लोखंड, निकेल, कोबाल्ट, आणि ते लसीत नाहीत.

हे सगळं आपल्याकडे घडूनही गेलंय. जून 2021 मध्ये नाशिकच्या एका ज्येष्ठ नागरिकांच्या अंगाला दुसऱ्या डोसनंतर नाणी आणि स्टीलची भांडी चिकटतात अशी बातमी आली, टीव्हीवाले घरी पोचले, आणि मग दुसऱ्या गावांतूनही तसलेच व्हिडिओ यायला लागले. अंनिसने लगेच सांगितलं की याचा लसीशी संबंध जोडू नका, केंद्र सरकारच्या पीआयबी या माहिती कार्यालयानेही तसाच खुलासा केला. बरोबर त्याच महिन्यात, 8 जूनला, अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या विधिमंडळ समितीसमोर शेरी टेनपेनी नावाच्या डॉक्टर बाई म्हणाल्या की लस घेतलेल्यांच्या कपाळाला किल्ल्या आणि अंगभर चमचे चिकटतात. त्याच बैठकीत एका नर्सने ते करून दाखवायचा प्रयत्न केला, छातीवर किल्ली राहिली पण मानेला लावायला गेली तर खाली पडली. किल्ल्या बऱ्याचदा पितळेच्या असतात आणि पितळ चुंबकाला लागत नाही हे त्या खोलीत कोणी लगेच बोललं असतं तर किती बरं झालं असतं! पुढे 2023 मध्ये चौकशीला सहकार्य केलं नाही म्हणून ओहायोच्या मेडिकल बोर्डाने टेनपेनी बाईंचं लायसन्स निलंबित केलं.

सासऱ्यांशी बोलताना एवढंच सांभाळा की त्यांना खोटं पाडायचं नाहीये. त्यांना नातवाची काळजी आहे म्हणून ते अडवतायत. काळजी तीच राहू द्या, फक्त त्यांना सांगा की बाबा, तुम्हीच बाळाला मांडीवर घेऊन चला.

प्रश्न : डॉक्टरांनी गुडघ्याचा एमआरआय सांगितलाय. माझे तीन डोस झालेत. लसीमुळे शरीरात चुंबकत्व आलं असेल तर मशीनमध्ये धोका नाही ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : काका, बिनधास्त करून घ्या. एमआरआयचं मशीन साधारण 1.5 किंवा 3 टेस्लाचं असतं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप), 1.5 टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जवळपास 30 हजार पट. अंगात खरंच लोखंडासारखं काही भरलेलं असतं तर त्या मशीनमध्ये ते कळायला वेळ लागला नसता, आणि लस घेतलेल्या असंख्य लोकांनी त्यानंतर एमआरआय केलेत. रक्तात लोह असतं, संपूर्ण शरीरात साधारण 3 ते 4 ग्रॅम, पण ते हिमोग्लोबिनमध्ये एकेक अणू असं बांधलेलं असतं, खिळ्यासारखा तुकडा नसतो त्यामुळे मॅग्नेट ते ओढत नाही. मशीनवाले जे विचारतात ते मात्र नीट आणि खरं सांगा : पेसमेकर आहे का, मेंदूच्या ऑपरेशनमधली क्लिप आहे का, कानात श्रवणयंत्र बसवलंय का, कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता का. वेल्डिंग किंवा लेथवर काम केलेल्या माणसांनी हे शेवटचं आवर्जून सांगावं.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर व्हिडिओ आला, लस घेतली तिथे एलईडी बल्ब लावला की पेटतो. मी घरी करून बघितलं तर खरंच पेटला. मी नववीत आहे. हे कसं?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : शाब्बास, करून बघितलंस हे फार छान. आता दोन गोष्टी अजून कर. ज्याने लस घेतली नाही त्याच्या हाताला लाव, आणि बल्ब बदलून बघ, साधा एलईडी घे. तुझा बल्ब इन्व्हर्टर बल्ब असणार, म्हणजे लाईट गेल्यावरही चालू राहणारा, त्याच्या आत चार्जिंगची बॅटरी असते. लाईट गेली की नाही हे ओळखायला त्यात एक छोटी सर्किट असते आणि बल्बच्या मागच्या दोन टोकांमधून थोडासा करंट जाऊ शकला की बल्बला वाटतं लाईट गेली, आता मी लागतो. तुझी कातडी, विशेषतः घामट किंवा ओली असेल तर, तेवढा करंट जाऊ देते. वीज बल्बच्या बॅटरीतली आहे, दंडातली नाही. ओल्या फडक्यावर दोन्ही टोकं टेकवलीस तरी तो पेटेल. हे सगळं बल्ब होल्डरमधून बाहेर काढूनच करायचं बरं का, घरातल्या मेन लाईनशी अजिबात खेळायचं नाही.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. घरोघरी लसीकरणाला गेलं की लोक असले व्हिडिओ दाखवतात आणि वाद घालतात. कधीकधी माझाच आवाज चढतो. लोकांना कसं समजवावं?
– आशाताई, बीड जिल्हा

उत्तर : ताई, उन्हातान्हात फिरून वर हे ऐकून घ्यायचं, तुमचा आवाज चढला तर त्यात नवल काय. तुमच्यासारख्या बायकांमुळे या राज्यातली मुलं वाचतात, हे मी मनापासून म्हणते.

सुईची भीती आपल्याकडे आजची नाही. मुंबईत प्लेगची साथ चालू असताना हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. आधी आपण घेतलेलं दाखवलं की समोरच्याला जास्त पटतं, म्हणून मला वाटतं की तुम्ही बॅगेत तुमच्या स्वतःच्या मुलांचं लसीचं कार्ड ठेवा. कोणी व्हिडिओ दाखवला की व्हिडिओ खोटा आहे असं सुरुवातीलाच म्हणू नका, कारण समोरच्याने चमचा चिकटवून बघितलेला असतो आणि तुम्ही खोटं म्हणालात की पुढचं तो ऐकतच नाही. म्हणा की हो चिकटतो, चला पावडर लावून बघू. शक्य असेल तर लस न घेतलेल्या माणसाच्या अंगालाही चमचा लावा, सगळ्यांसमोर. नंतर कार्ड दाखवा आणि पुढच्या सत्राची तारीख त्यांच्या कॅलेंडरवर तुम्हीच लिहून द्या. आणि डोसनंतर एखाद-दोन दिवस ताप येऊ शकतो, गोवरच्या लसीनंतर आठ-दहा दिवसांनी थोडं पुरळही दिसू शकतं, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तेवढ्यावरून गावात नवीन व्हिडिओ तयार होतो.