ई-सायकलची बॅटरी रोज किती टक्क्यांपर्यंत चार्ज करावी आणि किती उतरू द्यावी?

तुम्ही विचारलंय की बॅटरी 48 व्होल्ट, 13 अँपिअर-अवरची आहे, इंदूरमध्ये राजेंद्रनगर ते विजयनगर जाऊन-येऊन 22 किलोमीटर होतात आणि चार्जरवर 80, 90, 100 असे तीन पर्याय आहेत, तर कोणता ठेवू?

रोजसाठी 80 ठेवा. पॅकमध्ये साधारण 624 वॅट-अवर असतात. पॅडल मारत मोटरची मदत घेतली तर किलोमीटरला 10 ते 15 वॅट-अवर लागतात, म्हणजे रोजचं काम फार तर 330मध्ये भागतं. 80वरून निघालात तरी संध्याकाळी पाव बॅटरी शिल्लक असेल.

पण माझ्या मते आकड्यापेक्षा मोठी गोष्ट आहे ती वेळ. भरलेली बॅटरी उन्हाळ्यात तशीच पडून राहिली की सेल सगळ्यात लवकर म्हातारे होतात. आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बंद खोलीसुद्धा तापलेली असते. रात्री नऊला चार्जिंगला लावलं तर बाराच्या आसपास बॅटरी भरते आणि सकाळपर्यंत भरलेलीच बसते. त्यापेक्षा साधा टायमर घ्या. 2 अँपिअरच्या चार्जरला निम्मी बॅटरी भरायला साडेतीन तास लागतात, तेव्हा पहाटे पाचला सुरू होऊ द्या, निघायच्या वेळी तयार. आणि उन्हातून आल्या आल्या पिन लावू नका. पॅक हाताला गार लागला की मगच. चार्जिंग जागेपणी होतंय, हेही बरंच. जिन्यात किंवा दाराच्या वाटेत मात्र कधीच नको.

महिन्यातून एकदा 100 करा. तुमच्या पॅकमध्ये 13 सेल एकामागे एक जोडलेले असणार, चार्जरवर 54.6 व्होल्ट छापलेलं असेल. बहुतेक बीएमएस (पॅकमधलं बॅटरी सांभाळणारं सर्किट) सगळे सेल सारखे भरण्याचं काम अगदी वरच्या टोकाला करतात. कायम 80वर थांबलात तर एखादा सेल मागे पडतो आणि कळतही नाही. महूकडे लांब जायचं असेल तो दिवस यासाठी निवडा.

खालची मर्यादा: सायकल उभी असताना 45 व्होल्टच्या आसपास दिसलं की चार्ज करा. पुलाच्या चढावर डिस्प्ले दोन-तीन व्होल्ट खाली जातो, वर पोचून पाय थांबवले की परत चढतो. तो आकडा बघून घाबरू नका. बीएमएसने मोटर बंद करेपर्यंत मात्र ताणू नका, आणि तशी रिकामी बॅटरी आठवडाभर ठेवणं तर नकोच. दिवाळीला पुण्याला गेलात तर अर्धी भरून, काढून, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा.

हे सगळे व्होल्ट एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारच्या लिथियम सेलचे आहेत. पॅकवर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट, दुसरा प्रकार) लिहिलं असेल तर हे आकडे चालणार नाहीत. त्या सेलचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ हलतच नाही, म्हणून टक्के नीट कळावेत यासाठी 100पर्यंतचं चार्जिंग आठवड्यातून एकदा करावं लागतं. आधी लेबल बघा आणि इथे सांगा.