कुठला ब्राउझर हलका? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ब्राउझर आणि रॅम या विषयावरची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचं म्हणणं एकच: ‘क्रोम रॅम खातो, दुसरं काय वापरू?’ पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण मोजायचं कसं ते नीट कळल्याशिवाय बाकीच्या उत्तरांना अर्थ नाही.

प्रश्न : घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ आणि ८ जीबी रॅम आहे. तेच दहा टॅब उघडून पाहिले, तर टास्क मॅनेजरमध्ये क्रोम १.९ जीबी आणि फायरफॉक्स १.१ जीबी दिसला. दुसऱ्या दिवशी फायरफॉक्स क्रोमच्याही पुढं गेला! खरं काय समजायचं?
– एक वाचक, उद्यमनगर

उत्तर : पहिल्या दिवशी तुम्ही फायरफॉक्समध्ये ‘मागचं सेशन परत उघडा’ केलं असणार. तसं केलं की टॅबची नावं वर दिसतात, पण ज्या टॅबवर तुम्ही क्लिक करत नाही, त्यातलं पान उघडलेलंच नसतं. म्हणजे दहा टॅबची तुलना दोन-तीन टॅबशी झाली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टॅबवर जाऊन आला असाल, तर आकडा चढणारच.

मोजायचं असेल तर असं मोजा. कॉम्प्युटर ‘शट डाउन’ करून चालू करू नका, ‘रीस्टार्ट’ करा. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शट डाउननंतर सगळं नव्यानं सुरू होत नाही, रीस्टार्टनंतर होतं. मग डिस्क शांत होईपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबा. अँटिव्हायरस आणि विंडोज अपडेट याच वेळात धुमाकूळ घालत असतात. एज ब्राउझरचा ‘स्टार्टअप बूस्ट’ आणि क्रोमचं ‘बंद केल्यावरही बॅकग्राउंडला चालू ठेवा’ हे पर्याय आधीच बंद करा, नाहीतर एक ब्राउझर मोजताना दुसरा पडद्याआड चालूच राहील. दोन्हींत नवं प्रोफाइल काढा, एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सोय) एकही नको. क्रोमचा ‘मेमरी सेव्हर’ आणि एजचे ‘स्लीपिंग टॅब’ (न वापरलेले टॅब रॅममधून काढणाऱ्या किंवा झोपवणाऱ्या सोयी) तेवढ्यापुरते बंद ठेवा. ते चालू करून वेगळं मोजा.

पानं तुमच्या रोजच्या वापरातली घ्या: जीमेल, व्हॉट्सॲप वेब, एखादं मराठी वर्तमानपत्र, नकाशा, सातबाऱ्याची साइट, यूट्यूबचा थांबवलेला एक व्हिडिओ. कोरी किंवा साधी पानं घेऊन काही कळत नाही. प्रत्येक टॅबवर एकदा जा, पान शेवटपर्यंत खाली सरकवा आणि पाच मिनिटं थांबा.

आता आकडा कुठला वाचायचा? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा. ब्राउझर उघडण्याआधीचा ‘इन यूज’ आणि सगळे टॅब उघडल्यानंतरचा ‘इन यूज’ यांतला फरक हा तुमचा खरा आकडा. ब्राउझरच्या नावासमोरच्या आकड्यापेक्षा हा भरवशाचा, कारण ब्राउझरमुळं ग्राफिक्स ड्रायव्हरनं आणि विंडोजनं घेतलेली मेमरीही त्यात येते. हेच तीनदा करा आणि मधला आकडा धरा. वर्तमानपत्राच्या साइटवर दर वेळी वेगळ्या जाहिराती येतात, त्यामुळं एकाच मोजणीवर निकाल देऊ नका.

मोजल्यावर बहुधा असं दिसेल की क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा यांच्यात मुळात फार अंतर नाही. हे सगळे क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. एजही जानेवारी २०२० पासून त्याच कुळातला झाला. जो फरक पडतो तो वरच्या सोयींनी: एज टॅब झोपवतो, ब्रेव्ह जाहिराती आणि ट्रॅकर मुळातच अडवतो, त्यामुळं पानावर कमी स्क्रिप्ट चालतात आणि मेमरीही कमी लागते. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं आहे, गेको. पूर्वी तो थोड्याच प्रोसेसमध्ये (म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या कामांमध्ये) सगळे टॅब भरायचा, म्हणून हलका वाटायचा. २०२१ पासून तोही प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस देऊ लागला. क्रोमनं हे २०१८ मध्येच, ६७ व्या आवृत्तीत, सर्वांसाठी सुरू केलं होतं. घरात प्रत्येकानं वेगळी चूल मांडली की सरपण जास्त लागतं, पण एकाची भाजी करपली म्हणून सगळे उपाशी राहत नाहीत. इथं तसंच आहे. एक टॅब कोसळला तरी बाकीचे शाबूत राहतात, आणि एका साइटला दुसऱ्या साइटची माहिती चोरणं अवघड जातं. ही सुरक्षा काढून रॅम वाचवण्याच्या युक्त्या इंटरनेटवर सापडतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आणि ८ जीबीपैकी ६ जीबी भरलेली दिसली तर घाबरायचं कारण नाही. मोकळी पडलेली रॅम कुणाच्या उपयोगाची? काळजी कधी करायची, तर टास्क मॅनेजरच्या त्याच ‘मेमरी’ पानावर ‘कमिटेड’चा (प्रोग्रॅमनी मागून घेतलेल्या एकूण मेमरीचा) पहिला आकडा तुमच्या रॅमपेक्षा बराच वर गेला, आणि त्याच वेळी टॅब बदलताना डिस्क ९०–१०० टक्क्यांवर अडकली, तर. मग विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतंय आणि परत आणतंय. तुम्हाला जाणवणारा ‘स्लो’पणा तो हाच.

प्रश्न : वेग मोजायला कुठली चाचणी बरी? माझ्या मित्राचा स्कोअर माझ्यापेक्षा दुप्पट येतो, इंटरनेट मात्र दोघांचं एकाच कंपनीचं.
– विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : स्कोअरचा इंटरनेटशी जवळपास संबंध नाही. ब्राउझरबेंच डॉट ऑर्गवरची स्पीडोमीटर ही चाचणी सध्या सगळ्यात उपयोगी. तिची ३.० आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली, आणि ॲपल, गूगल, मोझिला या एकमेकांच्या स्पर्धकांनीच ती मिळून घडवली. क्लिक केल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंत किती वेळ जातो, ते ती पाहते. आकडा जितका मोठा तितकं चांगलं. मित्राचा प्रोसेसर नवा असणार, एवढंच. तुलना एकाच मशीनवर दोन ब्राउझरांची करायची. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, पॉवर मोड तोच ठेवा, बाकी टॅब बंद करा. चार-पाच टक्क्यांचा फरक डोळ्याला जाणवत नाही. तेवढ्यासाठी ब्राउझर बदलू नका.

पान उघडायला लागणारा वेळ हवा असेल, तर एफ१२ दाबून ‘नेटवर्क’मध्ये जा, ‘डिसेबल कॅश’वर खूण करा आणि पान रीलोड करा. खालच्या पट्टीत सेकंद दिसतील. दोन्ही ब्राउझरांत ते सारखेच जास्त आले, तर दोष वाय-फायचा, लाइनचा किंवा साइटचा. एकदा राउटरला केबल लावून पाहा.

प्रश्न : विंडोज ७, २ जीबी रॅम, जुना डेस्कटॉप. फक्त पेपर वाचतो आणि पेन्शनसाठी बँकेची साइट पाहतो. क्रोम अपडेट होत नाही. कुठला ब्राउझर घालू?
– सेवानिवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ

उत्तर : सर, विंडोज ७ वर चालणारा शेवटचा क्रोम म्हणजे जानेवारी २०२३ ची १०९ वी आवृत्ती. फायरफॉक्सची तिथं चालणारी शेवटची मालिका ११५ ईएसआर (जास्त काळ सुरक्षा अपडेट्स मिळणारी आवृत्ती). तिला पुढंही मुदतवाढ देत सुरक्षा अपडेट्स दिली गेली, म्हणून वाचनापुरता दोघांत फायरफॉक्स बरा. पण खाली विंडोजच मोडकळीला आलेलं आहे, घरगुती वापरासाठी २०२० पासून त्याला सुरक्षा अपडेट्स मिळत नाहीत. बँकेचं काम या मशीनवर करू नका, ते मोबाइलवरच्या बँकेच्या अधिकृत ॲपवर करा.

मशीन टाकायचं नसेल तर दोन कामं करून घ्या: रॅम ४ जीबी आणि त्यावर लिनक्स मिंटची (विंडोजऐवजी घालायची मोफत सिस्टिम) हलकी एक्सएफसीई आवृत्ती. मिंटला किमान २ जीबी चालते, पण ब्राउझरसकट सुखानं वापरायला ४ जीबीच हवी. मिंटवर फायरफॉक्स आधीपासून असतो आणि त्याला चालू अपडेट्स मिळतात. मग बँकेचं कामही त्यावर करता येईल. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यातच मिळतो. आधी पेन ड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून पाहा. त्यानं हार्ड डिस्कवरच्या फाइलना धक्का लागत नाही, फक्त पेन ड्राइव्हवरून चालतं म्हणून हळू वाटेल.

प्रश्न : माझ्याकडं लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायचं काम असतं. दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन कागदपत्र शोधून आलं की पहिलं पान परत लोड होतं, भरलेलं सगळं जातं. क्रोममुळं होतंय का?
– सेवा केंद्र चालक, कागल

उत्तर : दोन वेगळी कारणं आहेत, त्यांची गल्लत करू नका. परत आल्यावर पान रीलोड झालं, पण लॉगिन शाबूत आहे, तर मेमरी सेव्हरनं तो टॅब रॅममधून काढला असण्याची शक्यता जास्त. अर्धवट भरलेला फॉर्म, चालू डाउनलोड, आवाज चालू असलेलं पान आणि पिन केलेला टॅब क्रोम सहसा सोडून देतो. पण फॉर्मची रचना वेगळ्या पद्धतीची असेल तर ते त्याला ओळखू येत नाही. सेटिंगमध्ये ‘परफॉर्मन्स’ उघडा आणि ‘या साइट कायम चालू ठेवा’ या यादीत पोर्टलचा पत्ता घाला. एजमध्येही अशीच यादी आहे, शिवाय टॅब किती वेळानं झोपवायचा तेही ठरवता येतं. एज टॅबला आधी नुसता गोठवतो, म्हणून परत आल्यावर पान बहुधा होतं तसंच मिळतं.

‘सेशन संपलं, परत लॉगिन करा’ असं येत असेल, तर तो निर्णय पोर्टलच्या सर्व्हरचा. कुठलाही ब्राउझर घेतला तरी तेच होणार. कागदपत्रं आधी स्कॅन करून, हव्या त्या केबीत बसवून एका फोल्डरमध्ये ठेवा, मगच लॉगिन करा.

प्रश्न : चौथ्या पिढीचा इंटेल आय३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम. यूट्यूब १०८० वर अडखळतं, पंखा गुरगुरतो. रॅम १६ करू का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : नको, पैसे वाया जातील. व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेकसमोर (व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीसमोर) ‘व्हीपी०९’ किंवा ‘एव्ही०१’ दिसलं तर रोग सापडला. तुमच्या प्रोसेसरमध्ये एच.२६४ उलगडायची वेगळी यंत्रणा आहे, पण व्हीपी९ पूर्णपणे उलगडणारी नाही. इंटेलमध्ये ती नीट आली सातव्या पिढीपासून, आणि एव्ही१ ची अकराव्या पिढीपासून. त्यामुळं सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. फायरफॉक्समध्ये ‘एच२६४ईफाय’ हे एक्स्टेन्शन टाका, पान रीलोड करा आणि कोडेकसमोर ‘एव्हीसी१’ (म्हणजे एच.२६४) आलं का पाहा. ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा वाढायचा थांबला की झालं. सेटिंगमधलं ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ (व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपकडं देणारा पर्याय) चालूच असू द्या. अडखळलं की ते बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला असेल तरच त्याचा उपयोग, एरवी भार आणखी वाढतो.

प्रश्न : रोज कॅश साफ करते, रॅम क्लीनरही चालवते. तरी ब्राउझर जड. आणखी काय साफ करू?
– गृहिणी, जयसिंगपूर

उत्तर : आधी ही साफसफाई थांबवा. कॅश म्हणजे पाहिलेल्या पानांचा साठवलेला मजकूर; तो मुख्यतः डिस्कवर असतो, तो पुसला की तीच चित्रं पुन्हा इंटरनेटवरून आणावी लागतात. रॅम क्लीनर चालू पानांचा मजकूर रॅममधून बाहेर ढकलतो आणि पुढच्या क्लिकला तो परत आणावा लागतो.

त्याऐवजी क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडेल. त्यात कुठला टॅब, कुठलं एक्स्टेन्शन किती मेमरी घेतंय ते ओळीनं दिसतं. ‘मेमरी फूटप्रिंट’वर क्लिक केलं की मोठे वर येतात. कूपन शोधणारी, स्क्रीनशॉट काढणारी, पीडीएफ बदलणारी आणि कधीतरी आपोआप येऊन बसलेली एक्स्टेन्शनं काढून टाका. फायरफॉक्समध्ये हेच पाहायला पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत अबाऊट, मग कोलन, मग प्रोसेसेस असं मधे जागा न सोडता लिहा. जाहिराती अडवणारं एकच एक्स्टेन्शन ठेवा, दोन नकोत. यूब्लॉक ओरिजिन पूर्ण रूपात फायरफॉक्सवर चालतं. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळं तिथं त्याची ‘लाइट’ आवृत्ती घ्यावी लागते.

प्रश्न : ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क आहे. बजेट एकाच वस्तूचं आहे. रॅम की एसएसडी?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : तक्रार ब्राउझरची असेल तर रॅम. कॉम्प्युटर सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागत असतील तर एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क). ८ जीबी आधीच असती, तर न विचारता एसएसडी म्हटलं असतं.

दुकानात जाण्याआधी टास्क मॅनेजरच्या मेमरी पानाचा फोटो काढून न्या. त्यात वेग, ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि डीआयएमएम (डेस्कटॉपची लांब) की एसओडीआयएमएम (लॅपटॉपची आखूड) हे लिहिलेलं असतं. वेग १३३३ किंवा १६०० असेल तर ती बहुधा डीडीआर३, २१३३ ते ३२०० असेल तर डीडीआर४. एकीची खाच दुसरीच्या जागी बसत नाही. लॅपटॉप चौथ्या पिढीचा असेल तर १.३५ व्होल्टची डीडीआर३एलच मागा, १.५ व्होल्टची लावली तर बहुधा चालूच होणार नाही. विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम त्याला वापरताच येत नाही, आधी ६४ बिटचं घालून घ्या. ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’समोर १ किंवा २ जीबी दिसत असेल, तर ती बहुधा ग्राफिक्सनं अडवलेली आहे; काही मशीनच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) ती कमी करता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

रॅम बसवल्यावर पडदा काळाच राहिला आणि बीप आले, तर घाबरू नका. प्लग काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा आणि दोन्ही बाजूंच्या कड्या ‘टक्’ आवाज करेपर्यंत दाबा.