लेकीला जंतूंवर संशोधन करायचंय: रावेरच्या वडिलांना उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची मुलगी टी.वाय. बीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे. काका मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेल्यापासून तिला त्या आजारातल्या जंतूंवर संशोधन करायचंय, आणि घरचे म्हणतात बी.एड. कर. जंतूंनी कॅन्सर होतो तरी का, असं तुम्ही विचारलंय.

होतो. जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू १९९४ सालीच कर्करोगकारक ठरला. मोठ्या आतड्याचं कोडं मात्र अर्धंच सुटलंय, म्हणून तिथे नव्या माणसांची गरज आहे. तोंडात, हिरड्यांपाशी राहणारा फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जंतू आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीत जास्त सापडतो, हे २०१२ मध्ये दिसलं. २०१७ मध्ये तो यकृतात पसरलेल्या गाठींतही जिवंत मिळाला. पण तो गाठ सुरू करतो, की झालेल्या गाठीत घर करतो? उंदरांत तो गाठ वाढवतो. माणसांत वाद चालू आहे. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात. ते पेशीच्या डीएनएवर घाव घालतं, आणि त्या घावांची खूण २०२० मध्ये रुग्णांच्या गाठींत ओळखता आली.

विषय खरा आहे, पण दुःखाच्या भरात घेतलेला निर्णय पीएचडीची पाच-सहा वर्षं पुरत नाही. फ्युसोबॅक्टेरियमला ऑक्सिजन सोसत नाही. अनएरोबिक जारचं, म्हणजे हवेतला ऑक्सिजन काढलेल्या बरणीचं, झाकण घट्ट लावायचं, दोन-तीन दिवस थांबायचं, जंतू वाढवायची प्लेट कोरी निघाली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तिने असलंच काम घ्यावं. तरीही गोडी टिकली तर अडवू नका.

एमएस्सीसाठी पुणंच हवं असं नाही. जळगावला आपल्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठात जीवशास्त्र प्रशाळा आहे. मात्र तिने संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग आतापासून शिकावं. या क्षेत्रातलं निम्मं काम जनुकांची माहिती संगणकावर चाळण्याचं असतं, आणि आपली मुलं अडतात ती नेमकी इथे. पुढे सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, पीएचडीचा भार घरावर पडत नाही. खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) आणि पुण्याचं एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) ही नावं लिहून ठेवा. मन बदललं तरी हॉस्पिटलची लॅब, औषध कंपन्यांचं क्वालिटी कंट्रोल आहेच. बी.एड. नंतरही करता येतं.

आणि भाऊ, तुमच्यासाठी एक. सख्ख्या भावाला हा कॅन्सर झाला म्हणजे तुमचीही जोखीम वाढली. कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, कधी करायची, हे या महिन्यातच डॉक्टरांना विचारा. केळीची कापणी उरकायची वाट पाहू नका.